चूलबंद आमंत्रण

— न्हाई न्हाई, आकडा सांगते की! आकडा सांगायलाच तर आलेय. पण बाबुराव, त्या लसूण सोलत बसलेल्या बाईंना जरा आत पाठवता का — कांताबाई ना त्या? ओळखते मी, आमच्या इंद्रजीतच्या लग्नात पुऱ्या लाटायला होत्या. वाईट नका वाटून घेऊ हं कांताबाई, घरातलं बोलणं हाय, दोन मिनिटं. — हां. आता बरं वाटलं. पाणी नको. चहा बी नको — बरं, अर्धा द्या, हात गार पडलेत, कप धरायला बरा. साखर? घाला की, भरपूर घाला. काय म्हणत होते मी? आकडा. साडेतीनशे पानं. लिहा साडेतीनशे — थांबा, पेनानं नका लिहू. पेन्सिल नसंल का तुमच्याकडं? न्हाई ना. मग राहू द्या, लिहूच नका, नुसतं ऐका.

ओळखलं ना मला? धायरीची शालू. इंद्रजीतची काकू. त्याच्या लग्नाला तुम्ही आमच्या वाडीत भट्ट्या लावून बसला होता, सगळं गाव जेवलं आन् तरी मसालेभात उरला, दुसऱ्या दिवशी आम्ही तोच खाल्ला. म्हणून तुमच्याकडं आले. गावात काय आचारी न्हाईत? ढीगभर हायत. पण गावातल्या आचाऱ्याला आज सांगितलं की उद्या सकाळी दूध घालायला आलेला माणूस मला माझाच मेनू सांगतो. म्हणून इतक्या लांब कर्वेनगरात, बस बदलून. कुणी भेटलं आन् विचारलं तर म्हणणार होते, पोरीच्या सासरी मानपानाचं बोलायला चाललेय. खोटं बी न्हाई ते. तिचं सासर — होणारं — हितंच हाय, तुमच्या दोन गल्ल्या पलीकडं.

तर आमची तनुजा. धाकटी. थोरली पायल, ती खडकवासल्याला दिली, तिचं लग्न दारातच उरकलं. तवा आमच्या जमिनीला भाव नव्हता आन् आम्हाला बी नव्हता. ही शिकली. हिंजवडीला कंपनीत हाय, कंपनीची गाडी सकाळी नाक्यावर घ्यायला येती. मुलगा बी त्यातलाच, तिनंच बघितला, चांगला हाय, उगाच नाव ठेवायला जागा न्हाई. तर ह्या तनुजानं लग्नाचं बजेट केलंय. कागदावर न्हाई हं, कॉम्प्युटरवर. नुसत्या चौकटी. वरच्या चौकटीत माणसं, खाली कार्यालय, जेवण, मंडप, फोटोवाला, गाड्या. वरचा आकडा बदलला की खालचे सगळे आपोआप बदलत्यात. मला दाखवलं तिनं — साडेतीनशेचे चारशे केले, तर खाली सगळं हललं. मी म्हणलं बाई, परत साडेतीनशे कर, मला बघवत न्हाई. ती हसली. म्हणाली आई, खरं बजेट करायचं, जेवढी माणसं खरंच येणार तेवढीच धरायची, लोकं काय म्हणतील ही चौकट ठेवायचीच न्हाई. आता तुम्ही आमच्याकडची लग्नं बघितलीत. नवरदेव हत्तीवर, पुढाऱ्यांचे सत्कार संपत न्हाईत तोवर मुहूर्त टळून गेलेला, पाच-पाच हजार पानं. जमीन विकून आलेला पैसा असा एका दुपारीत पत्रावळीवर वाढायचा. तनुजाला ते नको. मला बी नको. तिच्या बापाला बी नको होतं — म्हणजे, तवा नको होतं.

आता मला एक सांगा, साडेतीनशे धरले तर तुम्ही हातात किती जास्तीचं ठेवता? शेकड्याला दहा? पंधरा? — आन् समजा दुप्पट आली तर? समजा म्हणतेय. समजा, हजार आली तर? हसू नका. मी हसत न्हाई. — न्हाई, वाढपी लागणार न्हाईत, वाढायला आमच्या भावकीतली पोरं असत्यात, तशी रीतच हाय. लागणार न्हाईत म्हणजे... ते बी जरा बघूया. आधी माणसांचं ऐका. आमच्यात आमंत्रणाच्या तीन तऱ्हा. एक, घरटी एक माणूस. दोन, जोडीनं या. आन् तिसरं चूलबंद. चूलबंद तुम्हाला माहीतच असंल. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची न्हाई. म्हातारी, पोरं, आलेले पाव्हणे, गडी, सगळ्यांनी लग्नघरी जेवायचं. एकदा चूलबंद म्हणून अक्षत दिली की मोजदाद तुमच्या हातात राहात न्हाई. आन् परत घेता येत न्हाई ती. सांगितलेलं जेवण मागं घेणं म्हणजे — दार लावण्यापेक्षा वाईट. तर आम्ही बसून ठरवलं, मी, तनुजा आन् आमचे हे. सख्खी भावकी तेवढी चूलबंद. बाकी गाव घरटी एक. ह्यांनी मान हलवली. अगदी समजून मान हलवली. त्या दिवशी ठीक होते.

मग पत्रिका आल्या. पहिल्या पाच देवाला ठेवल्या, आन् सकाळी बघते तर हे न्हाईत. धोतर-टोपी घालून, अक्षतांची पिशवी घेऊन गेलेले. मला बरं वाटलं हो! म्हणलं पोरीच्या लग्नाचा हुरूप हाय. दुपारी नळावर एक जण म्हणाली, वहिनी, आबा येऊन गेले, चूलबंद सांगितलंय, आम्ही सगळी येणार बघा. सगळं गाव ह्यांना आबाच म्हणतं. मी म्हणलं या की. संध्याकाळी दुसरी म्हणाली, चूलबंद. मग किराणा दुकानदार. मग रिक्षावाला. मग ती नवीन बिल्डिंग झाली न्हाई का, आमच्या बांधालाच लागून, तिथला वॉचमन म्हणाला, आबा चारी मजले चढून घरोघर अक्षत देऊन आले. त्या बिल्डिंगीत कोण राहतं? तनुजासारखीच कॉम्प्युटरवाली पोरं, हैदराबादची न् कुठली कुठली, एका खोलीत चौघं. त्यांना चूलबंद! त्यांच्याकडं चूल तरी हाय का? हॉटेलातनं पिशवी येती दोन वेळा. ती पोरं खाली येऊन मला हात जोडून म्हणतात, 'आंटी, शादी में पक्का आयेंगे.' मी म्हणलं आओ.

तुम्ही हसताय. मी बी पहिल्यांदा हसलेच. रात्री जेवताना म्हणलं, अहो, त्या बिल्डिंगीत कशाला गेलात? तर म्हणाले, कुठल्या बिल्डिंगीत? — मी म्हणलं, पत्रिका द्यायला. म्हणाले, पत्रिका आल्या व्हय? दाखव बघू.

— म्हणजे, वय झालंय. होतं असं. तुमचे वडील बी विसरत असतील की नावं? तसंच. — तसं बघू नका माझ्याकडं, बाबुराव. तसंच हाय. — बरं, तसं न्हाई. तसं न्हाई ते. कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला घास जात न्हाई आता. एकदा हे बद्रीनाथच्या घरी गेले, ह्यांचा जिगरी, तालमीतला. तो वारून किती वर्षं झाली. पोरानं दार उघडलं, म्हणाला आबा, बाबा गेले ना, तुम्हीच खांदा दिला होता. आन् घरी येऊन मला सांगत्यात, बद्रीनाथ दारात आला, अक्षत घेतली, म्हणाला येतो. अशा खुशीत सांगितलं! मी चुलीवरची भाकरी उलटली. एकेका घरी तीन-तीनदा गेलेत. कुठं गेलेत ते त्यांना आठवत न्हाई, आन् त्यांना आठवत न्हाई म्हणून मला कळत न्हाई. मग सांगा, मी त्या पोरीच्या वरच्या चौकटीत काय आकडा घालू? अक्षतांची पिशवी लपवून ठेवली तर तांदळाच्या डब्यातला तांदूळ घेतला, कुंकू लावलं, आन् गेले.

आन् नुसतं चूलबंद असतं तरी निभावलं असतं. वार हो, वार! पत्रिका द्यायला विसरत्यात, तोंडानं सांगत्यात, येत्या रविवारी या. कुठल्या रविवारी? ज्या दिवशी सांगतील त्याच्या पुढचाच. गेल्या रविवारी सकाळी दार वाजलं. संपतराव आन् त्यांची बायको, पार डोंगरापलीकडच्या वाडीतनं, नवी टोपी, ठेवणीतलं लुगडं, हातात आहेराची पिशवी. दारात मांडव न्हाई बघून दोघं अशी उभी, मला वाटलं आता जमिनीनं पोटात घ्यावं. मी म्हणलं, अहो तारीख पुढं गेली, कळवायचं राहिलं, पण आता आलाय तर जेवूनच जायचं. शिरा केला, पुऱ्या केल्या. आन् हे त्यांच्यापाशी बसलेले, अंगात नवा सदरा, मोठ्यानं मला विचारतात — नवरी तयार झाली का गं? तनुजा आतल्या खोलीत, विजारीवर, मांडीवर कॉम्प्युटर. तिनं ऐकलं. उठली, ओढणी घेतली, बाहेर येऊन तिघांच्या पाया पडली. ह्यांनी डोक्यावर हात ठेवला आन् रडले. संपतरावांनी माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं बघितलं. आहेर तेवढा घेतला न्हाई मी. उद्या बी रविवार हाय बाबुराव. मी पीठ मळूनच ठेवणार हाय.

डॉक्टरला आधीच दाखवलं होतं, लग्न ठरायच्या आधी. तनुजाच्या कंपनीच्या कार्डावर, मोठ्या दवाखान्यात, डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हे उतरणीचं दुखणं, गोळ्यांनी दम धरील, माघारी येणार न्हाई. रोजचं तेच ठेवा, घर बदलू नका, माणसं बदलू नका. बस. एवढ्यावर आम्ही माघारी आलो. आन् तिथनं मी जी घाबरलेय ती घाबरलेय. रात्री ह्यांच्या उशाशी झोपते, उंबऱ्याला आडवी. पण भीती त्याची न्हाई. भीती वेगळीच. भीती ही की कळंल. कळलं की संपलं. पोरीच्या बापाला वेड लागलंय, हेच म्हणणार ना लोकं? डॉक्टरनं ठेवलेलं नाव कोण लक्षात ठेवतं! रक्तात हाय, उद्या पोरीला होईल, पोरीच्या पोरांना होईल. चांगली शिकलेली लोकं जास्त म्हणतात, त्यांनी वाचलेलं असतं.

आन् तनुजाची सासू — सुशीलाबाई — शाळेत मास्तरीण होत्या. वाईट न्हाईत. पण बोलणं असं की सुरीनं लोणी कापल्यासारखं, आवाज होत न्हाई. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, 'आमची अपेक्षा काहीच नाही. फक्त माणसं मोजकी असावीत आणि सगळं सांगून-सवरून असावं.' मग म्हणाल्या, 'हल्ली विचारलेलं बरं असतं. आपल्याकडे कुणाला काही दुखणं? साखर, रक्तदाब, डोक्याचं काही?' तनुजानं तोंड उघडलं होतं. मी तिच्या आधी म्हणलं, साखर हाय. मला. — न्हाई हो, कुठली साखर! विचारणाऱ्याला काहीतरी द्यावं लागतं, म्हणून साखर दिली. तवापासून त्या घरी मला बिनसाखरेचा चहा देत्यात, मुद्दाम वेगळा करून, आन् मी गोड तोंड करून पिते. हे बी होते तिथं. काय बोलले म्हणून सांगू! बैलांच्या शर्यतीचं, जुन्या ओढ्याचं, असं रंगवून सांगितलं की मुलाचे वडील खुर्ची ओढून पुढं बसले. म्हणाले, व्याही म्हणजे असा पाहिजे. मी देवाचे आभार मानतेय, तर ह्यांनी तीच बैलांची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. शब्दाला शब्द. मी चहाचा ट्रे कलंडवला. सुशीलाबाईंच्या साडीवर. धावपळ झाली, गोष्ट बुडाली. तनुजा घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलली न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आई, मी लपवून लग्न करणार न्हाई. त्याला मी सांगितलंय, आता त्याच्या घरी सांगायचंय. मी तिचे पाय धरले. पोटच्या पोरीचे. म्हणलं लग्न होऊ दे, मग सांग. ती म्हणाली, मग सांगितलं तर ती फसवणूक. मी म्हणलं असू दे. असू दे फसवणूक.

दुसरी भीती घरातलीच हाय. इंद्रजीत. माझ्या दिराचा. तुम्ही त्याला ओळखता — पांढरी गाडी, बोटात अंगठ्या, बोलणं कसं मऊ. काकू, औषध आणू का, काकू, गॅस आणू का. जमिनीचे व्यवहार करतो, म्हणजे बिल्डरला म्हातारी माणसं शोधून देतो. गावाची जमीन गेली, आमची बी गेली, आमच्याकडं उरलाय ओढ्याकाठचा तुकडा, त्याच्यावर घर हाय आमचं, गोठा हाय. ह्यांच्या एकट्याच्या नावावर. त्याच्यावरनंच बिल्डिंगीला रस्ता काढायचाय त्यांना. तीन वर्षं विचारतोय. हे शुद्धीत होते तोवर ह्यांनी त्याला ओट्यावरनं खाली उतरवला होता. आता हे त्याला ओळखतच न्हाईत कधीकधी, पाव्हणा समजून चहा सांगत्यात. त्याला कळलं की आबांना कालचं आठवत न्हाई, तर तो उद्याच कागद घेऊन येईल. म्हणून मी ह्यांना त्याच्यापुढं एकटं बसूच देत न्हाई. तो आला की मीच बोलते. हे बोलायला लागले की मी मध्ये बोलते. मला गावात आता तोंडाळ म्हणत्यात, म्हणू देत. आज शनिवार, तनुजाला सुट्टी, ती हाय घरी त्यांच्यापाशी, म्हणून मी निघू शकले.

असं हाय सगळं. लई बोलले. बोलायला नको होतं, पण तुम्ही गप बसून ऐकता, ते वाईट. तर आता मला तुम्हीच सांगा किती धरायचं. साडेतीनशे धरले आन् हजार आली, तर पाव्हण्यांदेखत पान वाढून संपलं म्हणायचं. हजार धरले तर पोरीचं सगळं साठवलेलं एका जेवणात जातं. मी असं केलंय, माझ्या भिशीचे हायत, हे तनुजाच्या चौकटीत न्हाईत, हा इसार तुमच्याकडं ठेवा, साडेतीनशेची ऑर्डर, आन् वरच्यासाठी भाताची न् आमटीची तजवीज मनात धरून ठेवा. — घ्या ना. — का? — मागं का सारताय? कमी वाटतोय? — मग? काय झालंय मग म्हणजे? — कुणी दिलाय? — कुणाच्या लग्नाचा? आमच्याच?

इंद्रजीतनं?

कवा? — परवा. रोख. आन् किती पानं म्हणाला? — तीन हजार. — तीन हजार, बाबुराव? — काय म्हणाला तो? नीट सांगा, त्याचे शब्द सांगा. — 'आबांनी शब्द दिलाय, तनुजाच्या लग्नाचा सगळा खर्च आपल्याकडं.' कसला शब्द? कशाच्या बदल्यात? त्यानं आजवर कुणाला फुकट विडी दिली न्हाई. — एवढंच म्हणाला? — 'आमचा व्यवहार झालाय.' झालाय म्हणाला? होणार हाय म्हणाला का झालाय? — झालाय.

थांबा. थांबा जरा. बुधवारी. बुधवारी दुपारी आला होता तो. म्हणाला, काकू, आबांना लग्नासाठी सदरा शिवायला माप देऊन आणतो, तुम्ही जरा पडा, किती दमता. मला कळा येत होत्या पाठीत. मी म्हणलं, नको. तो म्हणाला, काकू, माझ्यावर इतका बी विश्वास न्हाई? आन् हे आपणहून गाडीत जाऊन बसले, लहान पोरासारखे. मी पडले. डोळा लागला माझा. आणून सोडले तवा ह्यांच्या अंगठ्याला निळी शाई होती. मी म्हणलं, काय हो हे? म्हणाले, मतदान करून आलो. मी हसले. बाबुराव, मी हसले! मला वाटलं आजचं नवीन काहीतरी. मोरीत नेऊन साबण लावून धुतला मी तो अंगठा. माझ्या हातानं. जाईना, म्हणून घासला.

बोलू नका. मला विचार करू द्या. तनुजा सांगत होती, शुद्ध नसताना घेतलेला सही-अंगठा टिकत न्हाई. डॉक्टरचे कागद हायत, तारखेसकट. पण ते दाखवायचे म्हणजे दाखवायचेच ना, सगळ्यांना. कचेरीत, वकिलाला, भावकीत. माझ्या नवऱ्याला समजत न्हाई, हे मी तोंडानं म्हणायचं. ते म्हणलं तर घर राहतं आन् लग्न जातं. न म्हणलं तर लग्न थाटात होतं, तीन हजार जेवतात, चूलबंद म्हणून आलेलं एक माणूस उपाशी जात न्हाई. किती सोपं, न्हाई? पोरगी मार्गी लागती. इंद्रजीत मला सगळ्यांपुढं साडी नेसवतो. आन् मग महिन्या-दोन महिन्यांनी येतो घर पाडायचं मशिन घेऊन. ह्यांना बाकी काय राहिलं न राहिलं, घर तेवढं आठवतंय हो अजून. कुठंबी भरकटले तरी पाय ओढ्याकडं वळतात, आपल्या दारात येऊन चपला काढतात. ते दारच न्हाई म्हणल्यावर कुठं काढतील? आन् रोज सकाळी विचारतील, घर कुठं गेलं गं? रोज मला सांगावं लागंल. एकदा सांगून भागणारं असतं तर एक वेळ... रोज. आन् रोज त्यांना पहिल्यांदाच कळंल.

न्हाई. न्हाई जमणार मला.

मला लई भीती वाटतीय, बाबुराव. पायल म्हणंल आईनं वाटोळं केलं. सुशीलाबाई काय म्हणतील ते तर — त्या काय म्हणणार न्हाईत, नुसतं 'बरं' म्हणतील, आन् त्या 'बरं'नं मी मरेन. पण मी आत्ता तिकडंच चाललेय. आत्ताच, घरी गेले तर धीर जाईल. त्यांच्या दिवाणखान्यात बसून सगळं सांगते, बैलांची गोष्ट दोनदा का सुरू झाली ते, ट्रे कसा सांडला ते. हे लग्न नको म्हणाल्या तर पोरगी कमावती हाय, रडंल, जगंल. तिचा बाप न्हाई जगायचा.

इंद्रजीतचा इसार त्याला परत द्या. न्हाई दिलात तरी तुमचं तुम्ही बघा, मी कोण सांगणारी. आन् माझा बी नको आज. राहू द्या, घेते. आकडा — अहो कसला आकडा विचारताय अजून? संध्याकाळपर्यंत फोन आला तर समजा लग्न हाय. मग जे सगळं ऐकून येतील तेवढीच पानं. न्हाई आला तर लसूण दुसरीकडं वापरा.

न्हाई, सोबत नको. मी काय ह्यांच्यासारखी रस्ता चुकत न्हाई. सरका तुम्ही.